भाच्याचा फोटो आणि वेलिंग्टनचं लग्न

मी धारूरची. नोकरी शाळेत, विषय इंग्रजी. घरात सगळ्यांना माझी एक खोड माहीत आहे. ती म्हणजे रात्री इशाची नमाज झाली, सगळे झोपले की मी इंग्रजी प्रेमकादंबरी काढून बसते. साधी प्रेमकादंबरी नाही, रीजन्सी प्रेमकादंबरी. हा शब्द आमच्या घरात आता इतका मुरलाय की अम्मीसुद्धा म्हणायची, "इसका रीजन्सी चालू हुआ, अब इसकू चाय भी नको मांगो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य करण्याच्या अवस्थेत राहिला नाही, म्हणून १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या मुलाने त्याच्या नावाने कारभार पाहिला. त्या मुलाला रीजंट म्हणत, म्हणून तो काळ रीजन्सी. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या. पुढे विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर नावाच्या बाईंनी त्या काळावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यातून हा सगळा प्रकारच उभा राहिला. औरंगाबादला कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या एका फेरीवाल्याकडे मला त्यांचं पहिलं पुस्तक मिळालं, कव्हर फाटलेलं, पाच रुपयाला. तेव्हापासून हे वेड.

या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. नायक बहुधा वॉटर्लूच्या लढाईवरून परत आलेला. तारीखही मला पाठ, १८ जून १८१५. त्याचा पाय लंगडा, नाहीतर चेहऱ्यावर वण, नाहीतर एक डोळा गेलेला. माणसांत मिसळत नाही, हवेलीत एकटा राहतो. नायिका गरीब, पण खानदानी. आणि मध्ये एक फसवणूक असते. ती नाव बदलून त्याच्या घरी नोकरीला येते, किंवा तो उमराव असल्याचं लपवतो, किंवा एकाची पत्रं दुसराच लिहीत असतो. दोनशे पानं हे खोटं चालतं. तोवर प्रेम पक्कं झालेलं असतं. मग खोटं उघडं पडतं, दोन प्रकरणं रुसवा चालतो आणि शेवटी माफी आणि लग्न.

मी हे सगळं गोड म्हणून वाचत आले. त्यातल्या खोट्याची किंमत काय असते हे मला तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरात कळलं.

माझा भाचा, मोठ्या भावाचा मुलगा, फौजेत होता. बारावी झाल्यावर बीडला भरतीत धावला आणि लागला. आमच्या मोहल्ल्यातून फौजेत गेलेली पोरं बोटावर मोजण्यासारखी, त्यामुळे तो सुट्टीवर आला की मशिदीपासून घरापर्यंत यायला त्याला तासभर लागायचा. एका हिवाळ्यात काश्मीरमध्ये गस्त घालताना त्याचा डावा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखालचा पाय गेला. तो पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये बरेच महिने होता. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली ही संस्था. मी भेटायला गेले तेव्हा तो दोन समांतर दांड्यांना धरून चालायला शिकत होता. एकोणीस-वीस वर्षांची कितीतरी पोरं तिथे त्याच दांड्या धरून चालत होती. एकमेकांची चेष्टा करत होती. मी बाहेर येऊन रडले, त्याच्यासमोर नाही.

नंतर तो पेन्शनवर घरी आला. अभ्यास केला, माजी सैनिकांच्या कोट्यातून माजलगावला एका बँकेत क्लार्क लागला. पँट आणि बूट घातले की अनोळखी माणसाला काही कळत नाही. घाटाचा रस्ता तो स्वतः मोटारसायकलने जातो. फक्त पायऱ्या चढताना जरा थांबतो.

रिश्ते बघायला सुरुवात केली तेव्हा बायोडेटा मीच लिहिला. पहिल्या बायोडेटात मी सगळं खरं लिहिलं होतं. पाच ठिकाणी पाठवला. पाचही ठिकाणांहून "इस्तिखारा ठीक नहीं आया" असं उत्तर. एका बाईंनी तर फोनवर स्पष्ट विचारलं, "दुसरा पाँव तो सलामत है ना?" भाभी ते ऐकून आत निघून गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

सहाव्या वेळी मी ठरवलं की हे लिहायचंच नाही. आधी बघू द्या, मुलगा आवडू द्या, मग सावकाश सांगू. माझ्या कादंबऱ्यांनी मला हेच शिकवलं होतं. आधी माणूस कळला की जखम खुपत नाही. मी त्याचा एक छान फोटो घेतला, लष्करी पोशाखातला, आणि मोबाईलवर तो कमरेपासून कापला. खाली लिहिलं, फौजेतून निवृत्त, सध्या बँकेत. यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच मी स्वतःला सांगत राहिले.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते या गोष्टीचाच भाग आहे.

ज्या वेलिंग्टनने वॉटर्लू जिंकली, ज्याच्या फौजेतून माझ्या कादंबऱ्यांतले सगळे लंगडे नायक परत येतात, तो तिथे पोचण्याआधी आपल्या मराठवाड्यात लढून गेला आहे. तेव्हा त्याचं नाव आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेशी लढाई केली. त्याच्या बाजूचे सुमारे सोळाशे लोक मेले किंवा जखमी झाले. त्यात मद्रासकडचे शिपाई मोठ्या संख्येने होते. जखमींना अजिंठ्याला ठेवलं होतं. पुढे म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं की तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असई म्हटलं असं सांगतात.

मी एकदा शाळेच्या सहलीतून परत येताना वाट वाकडी करून असईला गेले होते. कैलना आणि जुई अशा दोन नद्या तिथे जवळ येतात आणि मिळतात. त्या दिवशीची एक गोष्ट मला फार आवडते. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. त्याला समोर दिसलं की नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं आहेत. त्याने विचार केला, एवढी जवळ दोन गावं वसली आहेत तर त्यांच्यात येणं-जाणं असणारच. म्हणजे उतार असणारच. आणि होता. फौज तिथूनच उतरली.

आता त्याचं लग्न. हिंदुस्थानात येण्याआधी, १७९३ मध्ये, आयर्लंडमध्ये त्याने किटी पाकनहॅम नावाच्या मुलीला मागणी घातली होती. तिच्या भावाने नकार दिला. हा धाकटा मुलगा, हाती पैसा नाही, भविष्य नाही. मग तो इकडे आला, आठ वर्षं राहिला, नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. तिकडे किटीला दुसऱ्या एका अधिकाऱ्याची मागणी आली, लाउरी कोल त्याचं नाव. पण किटीची एक मैत्रीण मध्ये होती, तिची आणि आर्थरची पत्रं चालायची. आर्थर अजून तुझीच आठवण काढतो, असं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिलं. किटीने कोलला नाही म्हटलं. १८०५ मध्ये वेलस्ली परत गेला आणि तिला न भेटताच पत्राने पुन्हा मागणी घातली.

किटीने काय केलं बघा. तिने कळवलं की मी आता पूर्वीची राहिले नाही, फार बदलले आहे, तुम्ही आधी येऊन मला बघा आणि मग ठरवा. त्याने ऐकलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला. १० एप्रिल १८०६ ला डब्लिनमध्ये लग्न झालं. लग्न लावणारा त्याचा सख्खा भाऊ होता. बारा वर्षांनी किटीला पाहिल्यावर तो त्या भावाच्या कानात तिच्या रूपाबद्दल फार कडू बोलला असं सांगतात. दोन मुलगे झाले, पण संसार कधी गोड झाला नाही. किटी १८३१ मध्ये वारली, तेव्हा मात्र तो तिच्या उशाशी बसून होता.

त्या लाउरी कोलचं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. तो वेलिंग्टनच्याच हाताखाली स्पेनमध्ये लढला, जखमी झाला. आणि वॉटर्लूच्या लढाईला तो नव्हता, कारण तीन दिवस आधी, १५ जून १८१५ ला, त्याचं लग्न होतं. खऱ्या रीजन्सीतला गोड शेवट त्याच्या वाट्याला आला असावा असं मला उगीच वाटतं.

मी ही गोष्ट अनेकदा वाचली होती. पण वाचताना माझं लक्ष नेहमी वेलस्लीकडे असायचं. किटीच्या पत्राकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

परळीकडच्या एका घरातून होकार आला. मुलगी बी.एड., एका खाजगी उर्दू शाळेत शिकवते, वय अठ्ठावीस. आम्ही सहाजण गेलो. भाभी, भाई, मी, माझे मियाँ, धाकटी भाची आणि तो. त्यांच्या घराला रस्त्यापासून चार उंच पायऱ्या. तो दोन चढला, थांबला, मग उरलेल्या चढला. मुलीच्या अब्बांनी विचारलं, "क्या हुआ बेटा, पाँव में?"

मी काही विचार करण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "परसों गाडी से फिसला. मोच आ गई."

तो माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. खाली मान घालून आत गेला.

पाहुणचार उत्तम झाला. मुलगी आली, सलाम केला, समोर बसली. त्याने तिला एकच प्रश्न विचारला, कितवीला शिकवता. ती म्हणाली, पाचवीला, आणि पाचवीची पोरं फार त्रास देतात. दोघं हसले. मुलीची अम्मी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आपा, आप टीचर हैं, आपके घर का बच्चा है, हमें और क्या पूछना." मी चहाचा कप उचलला, पण तो बशीत वाजायला लागला म्हणून परत ठेवला.

परत येताना जीपमध्ये सगळे खूश. तो मात्र गप्प. घाट संपून धारूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तो मागच्या सीटवरून म्हणाला,

"फुफी, ये पाँव मैं चोरी में नई गँवाया. फिर छुपाए कायकू?"

जीपमधलं सगळं बोलणं बंद झालं. मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

त्या रात्री मी कादंबरी काढली नाही. आपल्या दीनमधल्या ज्या गोष्टी मी वर्गात पोरांना सांगते, त्याच एकेक आठवत राहिल्या. हुजूर (स.) बाजारातून जात होते, धान्याची एक रास दिसली. त्यांनी आत हात घातला तर बोटं ओली झाली. विक्रेत्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पाऊस पडला. तेव्हा त्यांनी सांगितलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. फसवणाऱ्याचा आमच्याशी संबंध नाही. आमच्या मोंढ्यात ज्वारीची रास वर चांगली आणि खाली भिजलेली निघाली तर आपण व्यापाऱ्याला किती शिव्या देतो! आणि मी काय केलं होतं? कमरेपासून कापलेला फोटो म्हणजे वर ठेवलेलं कोरडं धान्यच.

दुसरी गोष्ट फातिमा बिन्त कैस यांची. त्यांना दोन जणांची मागणी आली होती, त्या हुजूरांकडे सल्ला मागायला गेल्या. एरवी कुणाच्या पाठीमागे त्याचा दोष काढणं हे आपल्यात मोठं पाप. पण इथे त्यांनी दोघांबद्दल जे होतं ते सरळ सांगितलं. एकाच्या हाती पैसा नाही, दुसरा मारझोड करणारा आहे. म्हणजे निकाहाचा प्रश्न आला की झाकपाक नको. आणि मुगीरा (रजि.) यांनी एका मुलीला मागणी घातली तेव्हा त्यांना सांगितलं होतं की आधी तिला बघून घे, त्याने तुमच्यात प्रेम टिकायला मदत होईल. किटी पाकनहॅमला ही रिवायत माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण तिने पत्रात नेमकं हेच मागितलं होतं.

आपल्याकडे रिश्ते जुळवताना काय काय लपवलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे. मुलीचं वय दोन वर्षांनी कमी, मुलाचा पगार दोन हजारांनी जास्त. साखरेचा आजार, फिटा, मोडलेला पहिला साखरपुडा, कर्ज. सगळ्यांना वाटतं, एकदा कबूल झालं की निभावून जातं. निभावतं ते कुणाच्या जिवावर? नंतर कळल्यावर घरात गिळून बसते ती बहुधा सून. तिने माहेरी सांगितलं तर तिलाच म्हणतात, अब क्या फायदा बोलके. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी समजूत घालायला गेले आहे. तेव्हा मी लपवणाऱ्यांवर किती तावातावाने बोलले होते, तेही त्या रात्री आठवलं.

सकाळी मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि कुणाला न सांगता एस.टी.त बसले. फक्त त्याला मेसेज केला, परळीला चाललेय. त्याचं उत्तर आलं, "मैं आऊँ?" मी लिहिलं, नको, माझं मला बोलू दे.

त्या घरी पोचले तेव्हा मुलीचे अब्बा दुकानाला निघत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मोच नाही. डावा पाय गुडघ्याखाली नाही, सुरुंगात गेला. फोटो मी कापला. खोटं मी बोलले, मुलाचा त्यात हात नाही, उलट त्यानेच मला टोकलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपा, पाँव का हमें बुरा नहीं लगा. आप टीचर हो, इसका लगा."

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी माफी मागितली आणि निघायला वळले. तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला आणि मुलगी बाहेर आली. शाळेत जायच्या तयारीत होती, खांद्याला पर्स. ती म्हणाली, "अब्बा, मुझे कल ही समझ गया था."

तिचा धाकटा मामा लहानपणापासून पोलिओने लंगडतो. मुरगळलेला पाय माणूस टेकवताना चेहरा आखडतो, तिने सांगितलं, यांचा चेहरा आखडला नाही, फक्त पाऊल टाकायच्या आधी हिशोब केला. आणि मग तिने जे सांगितलं त्याने तिच्या अम्मीचा हात तोंडावर गेला. "हम भी कहाँ पूरा बोले. मेरी मंगनी टूटी थी, वो बायोडेटा में कहाँ है?"

चार वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी गाडीचे पैसे मागितले, हिने नाही म्हटलं, मोडला. दोष तिचा कणभरही नाही. पण तोही त्यांनी झाकला होता, कारण मोडलेल्या मंगनीची मुलगी म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. सुरुंगात गेलेला पाय म्हटलं की पुढचं ऐकत नाहीत, तसंच.

दोन घरं समोरासमोर बसली होती आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं होतं की इथे पाणी खोल नाही. मला असईचे ते वाटाडे आठवले. त्यांनी उतार असून नाही म्हटलं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

तिने तिच्या अब्बांकडे एकच गोष्ट मागितली, की मला त्याच्याशी एकदा बोलायचं आहे. अब्बांनी लगेच हो म्हटलं नाही. तीन आठवडे गेले. मधल्या काळात त्यांच्याकडच्या कुणीतरी धारूरला येऊन चौकशी केली, हे मला मागाहून कळलं. बरं केलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही केली असती. तिच्या चाचांनी शेवटपर्यंत विरोध केला, ते निकाहाला आलेच नाहीत.

दोघांची भेट तिच्या घरीच झाली, तिचा भाऊ समोर बसून होता. काय बोलले ते सगळं मला माहीत नाही, विचारलंही नाही. एक मात्र भाच्याने नंतर स्वतःहून सांगितलं. तिने विचारलं, "रात को पाँव निकाल के कहाँ रखते हो?" तो म्हणाला, पलंगाखाली. ती म्हणाली, पलंगाखाली नको, रात्री उठलात तर वाकावं लागेल, बाजूला एक स्टूल ठेवू.

मी त्या कादंबऱ्यांत शेकडो प्रेमाची कबुली वाचली आहे. चांदण्यात, बागेत, नाचाच्या दालनात. स्टुलाची कुणी काढली नव्हती.

हो, एक आठवते. वॉटर्लूवर वेलिंग्टनच्या शेजारी उभा असलेला त्याचा सेक्रेटरी, लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट, याचा उजवा हात कापावा लागला. आदल्या वर्षीच त्याचं वेलिंग्टनच्या पुतणीशी लग्न झालं होतं. डॉक्टरने तो हात बाजूला टाकल्यावर त्याने हाक मारून तो परत मागितला, कारण बोटात बायकोने दिलेली अंगठी होती. अशी ती गोष्ट सांगतात. तो पुढे लॉर्ड रॅगलन झाला. टेलरच्या दुकानात आपण रॅगलन बाही म्हणतो ना, ती याच्याच नावाची. त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं नोकरी केली. हा मात्र खरा माणूस, कादंबरीतला नाही.

निकाह मशिदीत साधेपणाने झाला. तो खुर्चीवर बसला होता, कारण तो नमाजही खुर्चीवरच पढतो. मौलवीसाहेबांनी कबूल है विचारलं, त्याने तीनदा सांगितलं. सीताफळाचे दिवस होते. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, ज्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यांच्या दोन पाट्या भाईंनी परळीच्या पाहुण्यांच्या जीपमध्ये ठेवल्या. मुलीचे अब्बा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आपा, इसमें ऊपर अच्छे नीचे कच्चे तो नहीं?" सगळे हसले. मीही हसले. पण ते पूर्ण थट्टेत म्हणाले नव्हते, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. अजूनही ते माझ्याशी बोलताना जरा हात राखून बोलतात. तो माझा हिस्सा आहे, मी तो स्वीकारला आहे.

मला कुणी म्हणतं, शेवट गोड झाला ना, मग झालं. मला तसं वाटत नाही. शेवट गोड झाला तो माझ्या खोट्यामुळे नाही, ते खोटं दुसऱ्या दिवशी मोडलं म्हणून. निकाहानंतर कळलं असतं तर ती मुलगी, जी एवढी समजूतदार आहे, तीही मनात कुठेतरी तुटली असती, आणि माझा भाचा आयुष्यभर तिच्यासमोर गुन्हेगारासारखा वावरला असता. जो पाय त्याने मानाने गमावला होता, त्याची लाज मी त्याच्या पदरात टाकली असती. किटीने वेळेत खरं सांगितलं, पण समोरच्याने ऐकलं नाही. आमच्याकडे सांगायला उशीर झाला, पण ऐकणारी चांगली निघाली. दोन्ही जमणं ही नशिबाची गोष्ट आहे, आणि नशिबावर पोरांचे संसार टाकू नयेत.

आता त्यांना एक मुलगी आहे, दीड वर्षाची. आजोळी आली की आधी त्या स्टुलाकडे जाते. बापाचा पाय तिथे उभा असतो, मोजा-बुटासकट. ती त्या बुटाची लेस सोडते, तो परत बांधतो, ती परत सोडते. तिच्यासाठी बापाचे पाय काढता-घालता येतात, यात लपवण्यासारखं काही आहे हे तिला ठाऊकच नाही.

आणि मी अजून रीजन्सी वाचते, ती खोड काही जायची नाही. पण हल्ली नायिका खोटं नाव सांगून हवेलीत शिरली की मी पुस्तक थोडं खाली ठेवते आणि मनात म्हणते, बाई गं, आजच सांगून टाक, दोनशे पानं थांबू नकोस.